छपरावरचा आवाज

शर्यतीला अजून अवकाश होता, तरी अच्युत हुपरे प्रेक्षागृहाच्या छपरावर चढून कठड्याशी आपल्या ठरलेल्या जागी उभा राहिला होता. एकेकाळी या छपरावर पाय ठेवायला जागा मिळायची नाही. गाडीमागे एक माणूस, कानाला हेडसेट, गळ्यात दुर्बीण, आणि सगळ्यांची तोंडं एकदम चाललेली. सप्ताहात बुवांच्या मागे टाळकऱ्यांची रांग उभी असावी, तसं ते दृश्य. आता छप्पर मोकळं होतं. अच्युत, आणि पार पलीकडच्या टोकाला एक म्हातारा टेक्सासकर, जो कोणाशी बोलत नसे.

खाली अंडाकृती ट्रॅकवर गाड्या जोडीजोडीनं उभ्या होत्या. एकाही गाडीत माणूस नव्हता.

"हॉलिस," अच्युत माइकमध्ये म्हणाला, "आज तिसऱ्या वळणावर वारा आडवा आहे. गाडी बाहेर ओढेल. सांभाळून."

हॉलिस प्रुइटला जाऊन सहा वर्षं झाली होती.

हे छपरावरचं काम काय असतं, ते आधी सांगायला हवं. स्टॉक-कार दिसायला रस्त्यावरच्या गाडीसारखी, आतून मात्र नुसता पोलादी सांगाडा. वेग तासाला तीनशे किलोमीटर. चालकाची मान पट्ट्यांनी आवळलेली, त्यामुळे डोकं वळवता येत नाही. शेजारची गाडी वीतभर अंतरावर असली तरी ती त्याला दिसेलच असं नाही. म्हणून वरून कोणीतरी त्याचे डोळे व्हायचं. शब्द तीनच: आत, बाहेर, मोकळं. म्हणजे कोणी आतल्या अंगाला आहे, बाहेरच्या अंगाला आहे, किंवा कोणीच नाही, घे गाडी. पुढे अपघात होऊन धूर कोंडला की वरचा माणूस म्हणतो, खालून काढ. आणि खालचा माणूस काहीही दिसत नसताना, वेग न तोडता, गाडी धुरात घालतो. शिष्यानं गुरूच्या शब्दावर ठेवावी तशी ती निष्ठा असते. फरक इतकाच की इथे गुरू चुकला तर शिष्य भिंतीवर आपटतो.

अच्युत मूळचा इचलकरंजीचा. वडील दिवसभर यंत्रमाग दुरुस्त करणारे जॉबर, आणि संध्याकाळी देवळात बुवांच्या मागे टाळकरी. मागांच्या खडखडाटात बोलायची सवय असलेलं घर, त्यात लहानपणापासून कीर्तनात मागे उभं राहून ध्रुपद धरायची तालीम. आवाज असा कमावलेला की गोंगाटातही शब्द सुटा कळावा. अमेरिकेत तो शिकायला आला, कॅरोलिनातल्या एका संघात टायरांचं गणित करू लागला. एका रविवारी हॉलिसचा छपरावरचा माणूस आजारी पडला आणि ह्याला वर पाठवलं. त्यानं रेडिओवर आपलं नाव सांगितलं. पलीकडून हॉलिस म्हणाला, "देव तुझं भलं करो." तिकडे कोणी शिंकलं की असं म्हणायची रीत आहे. त्या दिवसापासून तो सगळ्यांचा अच्चू झाला. लग्न राहूनच गेलं, आणि हॉलिस व त्याची बायको डार्लीन हेच त्याचं घर झालं.

हॉलिस आपल्या घराण्याची कथा रंगवून सांगायचा. पणजोबा डोंगरात चोरून दारू गाळायचे आणि साध्या दिसणाऱ्या गाडीत जोरदार इंजिन बसवून पोलिसांना चुकवत ती शहरात न्यायचे. ज्यांना ज्यांना असं पळायची सवय होती, ते मग रविवारी शेतातल्या मातीच्या ट्रॅकवर जमून कोण वेगवान ते बघू लागले. आजोबा स्वतः गाडी बांधायचे, स्वतः चालवायचे आणि मोडली की तीच ओढत घरी आणायचे. वडिलांच्या काळात सिगारेटवाले आले, टीव्ही आला, गाडीवर चिकटवलेली नावं वाढत गेली, आणि चालकाला दाढी करून कॅमेऱ्यासमोर नीट बोलावं लागू लागलं.

"पणजोबा पोलिसांपुढे पळाले," हॉलिस म्हणायचा, "आजोबा शेजाऱ्यांपुढे, बाप प्रायोजकांच्या मागे. मी कोणापुढे पळतोय ते मला कळवायचं अच्चूनं कबूल केलंय."

त्याच्यामागून आलेली मुलं आठव्या-नवव्या वर्षापासून घरातल्या सिम्युलेटरवर वाढलेली. गुणी पोरं, पण सगळी एकसारखी. यंत्रानं दाखवलेली सर्वांत जलद रेघ सगळ्यांनीच पाठ केलेली. गाड्या मुंग्यांसारख्या एकामागोमाग फिरायच्या आणि प्रेक्षक जांभया द्यायचे. त्यातच लागोपाठ दोन मोसमांत काही तरुण चालक गेले, आणि विमा कंपन्यांनी हात वर केले.

त्या अडचणीतून ठसा निघाला.

ठशाचं शास्त्र ऐकायला वाटतं तितकं अवघड नाही. हॉलिसच्या पिढीतल्या चालकांच्या शिरस्त्राणाच्या अस्तरात, हातमोज्यांत आणि बुटांत बारीक संवेदक शिवलेले असत. मेंदूच्या पृष्ठभागावरचे विद्युत्‌तरंग, मानेच्या स्नायूंचा ताण, पायाचा दाब, सगळं टिपलं जाई. सोबत त्या क्षणी गाडी कुठे होती, टायर किती झिजला होता, कानात कोण काय बोललं, हेही. अशी दहा मोसमांची नोंद यंत्रासमोर घातली की यंत्र हळूहळू एक गोष्ट शिकतं: अशा प्रसंगी हा माणूस काय करील. माणूस काय विचार करतो ते त्याला कळत नाही. त्याला आठवणी नाहीत, भूक नाही, बायकोचं नाव ठाऊक नाही. नदीचं पाणी आटलं तरी तिनं कापलेला मार्ग राहतो, तेवढंच ते. पण तो मार्ग खरा असतो. रिकाम्या गाडीत हॉलिसचा ठसा घातला की ती गाडी वळणात हॉलिससारखीच उशिरा ब्रेक लावते आणि बाहेर पडताना त्याच्यासारखीच मागून जरा घसरते. प्रत्येक गाडी पुन्हा वेगळी चालू लागली. लोक परत आले. ट्रॅकवर कोणी मरेनासं झालं.

हॉलिसनं आपला ठसा हसत हसत देऊन टाकला होता. "मी मासे धरतो, तो धरू दे गाडी," असं म्हणून निवृत्त झाला, आणि पुढच्याच उन्हाळ्यात तळ्यावर होडीत बसल्याबसल्या त्याचं हृदय थांबलं. हातात गळ तसाच होता म्हणतात.

त्यानंतर एक गोष्ट अभियंत्यांच्या लक्षात आली. हॉलिसचा ठसा इतर कोणाच्या सूचनेवर नीट चालेना. दुसरा माणूस 'मोकळं' म्हणाला की गाडी किंचित बिचकायची. अच्युत म्हणाला की निःशंक सुटायची. हॉलिसनं त्याच आवाजावर बहुतेक कारकीर्द काढली होती, आणि त्या आवाजाचा विश्वास सवयीत मुरला होता. घाईच्या वेळी अच्युतच्या तोंडून मराठीत 'सावकाश' निघून जाई. तेही ठशाला कळायचं. प्रेक्षकांनाही कळायचं. कारण तिकडे एक मोठी मौजेची रीत आहे: माणसं कानाला हेडफोन लावून आवडत्या चालकाचा रेडिओ ऐकत शर्यत बघतात. कॅरोलिनातल्या लालबुंद मानेच्या शेतकऱ्यांनी छातीवर 'सावकाश' छापलेले बनियन घातलेले अच्युतनं पाहिले होते.

डार्लीन दर रविवारी यायची. पहिल्या वळणाजवळची, खालून तिसरी ओळ. मांडीवर उकडलेल्या शेंगांची पिशवी, कानाला हेडफोन. अच्युत दुर्बिणीतून आधी तिची जागा बघायचा, मग गाडी.

त्या रविवारी एकशे चाळिसाव्या फेरीत त्याचा आवाज फाटला. 'मोकळं' म्हणायला गेला तर घशातून नुसती हवा आली. हॉलिसची गाडी बिचकली आणि तीन गाड्या पुढे निघून गेल्या.

डॉक्टरीणबाईंनी घशात नळी घालून पडद्यावर दाखवलं. स्वरतंतूवर गाठ होती. घातक नव्हती, पण वाढत होती आणि काढावी लागणार होती. काढल्यावर बोलता येईल, त्या म्हणाल्या, पण आवाज तोच राहील अशी आशा धरू नका.

दुसऱ्याच दिवशी संघाची टेसा नावाची अभियंता भेटायला आली. तिशीतली, मनमिळाऊ मुलगी. तिनं आधी तब्येतीची चौकशी केली, मग म्हणाली की या मोसमापासून नियम बदललाच आहे. वरचा माणूस आता जिवंत असायला हवा असं नाही. मिस्टर हुपरे यांनी संमती दिली तर शस्त्रक्रियेच्या आधीच त्यांच्या आवाजाचा ठसा घेता येईल. सहा वर्षांच्या फिती आहेतच. मग हॉलिस आणि अच्चू ही जोडी कायमची. छपरावरच्या बहुतेकांनी दिलेही आहेत.

"नाही दिला तर?" अच्युतनं विचारलं.

"तर हॉलिसचा ठसा कोणाचंच ऐकणार नाही," ती म्हणाली. "त्याला काढून ठेवावं लागेल. मला फार वाईट वाटेल."

अच्युतला नाही म्हणायचं होतं, पण का ते त्याला सांगता येईना. घरी येऊन त्यानं वडिलांच्या वेळच्या एका जुन्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण लावलं, आणि लावून पुरतं ऐकलंही नाही. बुधवारी डार्लीनकडे गेला. तिनं ओसरीवर खुर्च्या काढल्या, शेंगांचं पातेलं मधे ठेवलं. टेसा तिलाही भेटून गेली होती. बराच वेळ डार्लीन टरफलं सोलत राहिली. टोमॅटोला कीड लागल्याचं सांगितलं, चर्चच्या नव्या पाद्र्याची नक्कल केली. मग म्हणाली, "दे ना, अच्चू. एकदा गेलेला माणूस मला पुन्हा घालवायचा नाही."

तिनं आजवर त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं. आधी चाचणी बघू, असं तो म्हणाला.

चाचणी मंगळवारी सकाळी होती. हजारो खुर्च्या रिकाम्या, ट्रॅकवर एकच हॉलिसची गाडी, आणि तिला अडवायला साध्या सरावाच्या चार गाड्या. अच्युतला वर जायचं काम नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो डार्लीनशेजारी, खालून तिसऱ्या ओळीत बसला. इथून गाड्या केवढ्या मोठ्या दिसतात, आणि किती पटकन नाहीशा होतात, हे त्याला ठाऊकच नव्हतं. टेसानं दोघांना हेडफोन दिले.

आवाज त्याचाच होता. सहा वर्षांपूर्वीचा, निकोप, घसा कधी बसलाच नसल्यासारखा. आत. अजून आत. मोकळं. बाहेर. मोकळं. एकही शब्द चुकला नाही, क्षणाचाही उशीर नाही. गाडी सुतासारखी चालली होती. टेसानं हातातला पडदा दाखवला. प्रत्येक फेरी आधीच्या हॉलिसपेक्षा जलद होती. अच्युतला आपण आपल्याच श्राद्धाच्या पंगतीला बसलोय असं वाटलं. जेवण मात्र उत्तम होतं, हेही त्याला मान्य करावं लागलं.

दहाबारा फेऱ्या झाल्या आणि डार्लीननं हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"हा थांबत का नाही?" ती म्हणाली.

अच्युतला वाटलं गाडीबद्दल विचारतेय. इतक्यात नाही थांबणार, तो म्हणाला, अजून चाळीस फेऱ्या आहेत.

"गाडी नाही रे. तू. तू बोललास की थांबतोस. हा थांबतच नाही."

टेसानं ऐकलं आणि तिचा चेहरा उजळला. बरोबर ओळखलंत, ती म्हणाली. फितींमध्ये प्रत्येक सूचनेनंतर थोडी रिकामी जागा होती. पूर्वी चालक उत्तर द्यायचा, त्याची ती सवय राहिली असणार. ठसा तर उत्तर देत नाही, मग ती जागा वायाच जाते. आम्ही ती कापली. आजचा सगळा वेग त्यातूनच आलाय.

आपण थांबतो हे अच्युतला माहीतच नव्हतं.

"तू 'मोकळं' म्हणायचास," डार्लीन त्याच्याकडे न बघता म्हणाली, "आणि हॉलिस म्हणायचा, 'उपकार झाले, अच्चू.' दर वेळेला. त्याच आळशी सुरात. तो गेल्यावरही तू 'मोकळं' म्हणायचास आणि तेवढं थांबायचास. मी त्याचं ते उत्तर तेवढ्यात ऐकते. सहा वर्षं ऐकतेय. तुला वाटतं मी गाडी बघायला येते? चष्मासुद्धा आणत नाही मी."

टेसा गोंधळली. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. तिनं पडद्यावर बोट ठेवलं आणि फार मायेनं विचारलं, "मी ती जागा परत घालू शकते. सगळीकडे सारखी घालू? किती सेकंदांची हवी तुम्हाला?"

ट्रॅकवरून गाडी पुन्हा एकदा गर्जत गेली, आणि हेडफोनमधला अच्युत मांडीवर बारीक आवाजात बोलत राहिला.

वडिलांनी टाळ हातात दिला तेव्हा बोल शिकवण्याआधी थांबणं शिकवलं होतं. बुवा चरण म्हणून एक पाऊल मागे घेतात आणि क्षणभर गप्प राहतात. पोरं तिथे घाई करतात, टाळ वाजवून ती जागा भरून टाकतात. अशी घाई केली की वडील पाठीत धपाटा घालायचे. ती जागा बुवांची नाही नि आपलीही नाही, म्हणायचे. समोर बसलेल्या माणसाला आत काहीतरी होतं, त्याला तेवढा वेळ दे. परमेश्वराला यायचं असलं तर तो तिथूनच येतो. धपाटा कधीच विसरला गेला होता. हात मात्र आपोआप थांबत आले होते.

"नको देऊस," डार्लीन म्हणाली.

"मग हॉलिस?"

तिनं शेंगांची पिशवी बंद केली. "आपण दोघं अजून एक रविवार येऊ," ती म्हणाली. "मग मी इथे यायची थांबेन. कधीतरी थांबावंच लागणार होतं."

गाडीकडे चालत जाताना तिनं त्याचा हात धरला नाही, आणि त्यानंही धरला नाही. घरी पोचल्यावर तिचा फोन येईल असं त्याला वाटलं होतं. आला नाही. अच्युतनं टेसाला नकार कळवला. तिनं फार आग्रह केला नाही. फक्त विचारलं, पुन्हा विचार कराल ना?

शेवटच्या रविवारी ढग होते, वारा नव्हता. टेक्सासकरही आला नव्हता, त्यामुळे छपरावर तो एकटाच. डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या औषधानं घसा तीन तास टिकेल असा भरवसा होता. त्यानं मनात रामकृष्णहरी म्हटलं आणि माइकचं बटण दाबलं.

आता आपण थांबतो हे ठाऊक झालं होतं, आणि हीच पंचाईत होती. पहिल्या काही फेऱ्यांत थांबणं खोटं वाटू लागलं, मुद्दाम केल्यासारखं. आपणच आपली नक्कल करतोय असं वाटून तो घामेजला. मग दुसऱ्या वळणावर दोन गाड्या एकमेकींना घासल्या, पांढरा धूर सगळीकडे पसरला, आणि विचार करायला सवडच उरली नाही. "खालून, खालून, सावकाश, सावकाश... मोकळं!" हॉलिसची गाडी धुरातून लखलखीत बाहेर आली. पुढे सगळं आपसूक झालं. तो बोलत गेला, थांबत गेला.

दहा फेऱ्या उरल्या तेव्हा हॉलिस दुसरा होता. शेवटच्या फेरीत पहिल्या गाडीच्या आतल्या अंगाला पुरेशी फट दिसली. अच्युतनं तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. ओठ हलले, घशात खरखर झाली, बस्स. खाली गाडी त्या फटीच्या तोंडाशी क्षणभर रेंगाळली. दुसऱ्या कोणाच्या गाडीनं तेवढ्यात डाव साधला, मग आणखी एकीनं. हॉलिस प्रुइटचा शेवटचा क्रमांक चौथा लागला.

झेंडा पडल्यावर गाड्या वेग उतरवत आपापल्या गॅरेजकडे वळल्या. अच्युतनं पाण्याचा घोट घेतला, घसा खाकरला. जेमतेम फुटलेल्या आवाजात तो म्हणाला, "हॉलिस, मोकळं आहे सगळं. जा."

मग दुर्बीण डोळ्यांना लावली. खालून तिसऱ्या ओळीत डार्लीन दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबून बसली होती, मान खाली. तिनं वर पाहिलं नाही. लोक उठून जात होते, तिच्या गुडघ्यांवरून वाट काढत होते, आणि ती त्यांना जागा देत नव्हती. पुष्कळ वेळानं तिनं हेडफोन काढले, चष्म्याचं घर चाचपलं, ते आणलं नव्हतं हे आठवलं असावं, आणि जिना उतरून गेली.

शस्त्रक्रिया नीट झाली. नंतर मौन पाळायचं होतं. अच्युतला ते जड गेलं नाही. एरवीही आठवडाभर त्याला बोलायला कोण होतं? रविवार तेवढे लांब वाटले. खिडकी उघडी ठेवली की दूरवरून ट्रॅकची घरघर यायची. संघानं हॉलिसचा ठसा काढून ठेवल्याची बातमी दोन ओळींत येऊन गेली. त्याच्या जागी कोणा दुसऱ्याचा घातला होता, आणि तो बरा चालला होता.

बोलायची परवानगी मिळाली त्या सकाळी त्यानं स्वयंपाकघरात उभं राहून स्वतःचं नाव उच्चारून पाहिलं. कोणीतरी जाडाभरडा, अनोळखी गृहस्थ ओट्याशी उभा राहून बोलल्यासारखं वाटलं. त्याला जरा हसूही आलं. मग त्यानं डार्लीनला फोन लावला आणि 'हॅलो' म्हणाला. त्या रविवारनंतर दोघं एकमेकांना भेटले नव्हते.

"नंबर चुकला असेल," ती म्हणाली.

"अच्युत बोलतोय."

पलीकडे नळ वाहत होता. तो तिनं बंद केला.

"पुन्हा बोल बरं."

"अच्युत. अच्चू. आवाज असाच राहणार म्हणतात."

"भयंकर आहे," डार्लीन म्हणाली. मग म्हणाली, "ह्यात कुठेच नाही रे तो."

"नाही."

ती रडतेय की काय ते त्याला कळेना. फोन ठेवील असं वाटलं. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, ती बसली असावी.

"मग तू काहीतरी बोल," ती म्हणाली. "तुझं. इतक्या वर्षांत गाड्यांखेरीज काही बोललाच नाहीस माझ्याशी."

अच्युतनं घरभर नजर फिरवली. मग त्या परक्या, जाड आवाजात, सकाळी आमटी केली होती आणि तीत मीठ जास्त पडलं, तिथपासून त्यानं सुरुवात केली.